पाणी नितळ, तरी निरोप तुटका

"मामा, गढूळ पाण्यात उजेड अडतो हे कळलं. पण पाणी काचेसारखं नितळ असलं तरी सिग्नल तुटतो म्हणे. ते कसं काय?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा मी सरबत करत होतो. बडोद्यातला मे महिना, दुपारचे तीन, दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, आणि पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. ती इथंच एम.ई. करते. सेमिनारला तिनं विषय घेतलाय अंडरवॉटर वायरलेस ऑप्टिकल कम्युनिकेशन, म्हणजे पाण्याखाली तार न टाकता प्रकाशातून निरोप पाठवणं. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या पोरांना कम्युनिकेशन शिकवलं, त्यामुळे सेमिनार जवळ आला की तिला मामीच्या हातच्या पुरणपोळीची आठवण होते.

"कागद-पेन राहू दे," मी म्हटलं, "हा ग्लास बघ."

ग्लासात साधं पाणी होतं. वरून चमचाभर साखर सोडली, ढवळलं नाही, आणि ग्लास खिडकीच्या उजेडासमोर धरला. दाणे खाली जाताना त्यांच्यामागे बारीक थरथरत्या रेघा लोंबायला लागल्या, काचेचे दोरे पाण्यात सोडावेत तशा. आता यात पाणी पारदर्शक, विरघळलेली साखरही पारदर्शक. रंग कशालाच नाही. मग दिसतंय काय?

दिसतंय ते उजेडाचं वळणं. साखरेच्या पाण्यात प्रकाश थोडा जास्त वाकतो, साध्या पाण्यात थोडा कमी. दोन्ही जिथे अर्धवट मिसळलेली असतात तिथे किरण सरळ न जाता जरा बाजूला ढकलला जातो. तुमच्या डोळ्यापर्यंत जो उजेड यायला हवा होता तो शेजारी गेला, म्हणून तिथे काळी रेघ. शेजारी जास्तीचा आला, म्हणून तिथे चकचकीत रेघ. उजेड कुठेही हरवला नाही, फक्त भलत्या पत्त्यावर गेला.

तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे. उरलेलं निम्मं जरा लांबलचक आहे, आणि ते सांगायच्या आधी 'पण प्रकाशच कशाला?' हे सांगायला हवं.

पाण्याखाली रेडिओ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, त्यामुळे त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहून नेणारी वस्तू रेडिओलहरी गिळून टाकते. तुमच्या घरातला वायफाय समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच संपेल. फार कमी वारंवारतेच्या लहरी थोड्या खोल जातात, म्हणून पाणबुड्यांशी बोलायला नौदलं अजस्र अँटेना उभारतात. आपल्या नौदलाचं असं केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टबोम्मन. पण त्यातून जातं काय, तर मजकुराच्या काही ओळी, त्याही एकतर्फी. त्यावरून व्हिडिओ पाठवायचा विचार सोडून द्यावा.

आवाज मात्र पाण्यात मैलोन् मैल जातो. देवमासे त्यावरच जगतात. पण पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. तीन किलोमीटरवरच्या यंत्राला काही विचारलं तर प्रश्न पोचायला दोन सेकंद, उत्तर यायला आणखी दोन. शिवाय त्यातून माहिती जाते ती सेकंदाला काही किलोबिट, फार तर काही दहा किलोबिट. जुन्या डायल-अप मोडेमची आठवण यावी असा कारभार.

प्रकाशाचं तसं नाही. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर, आणि लेझर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करू शकतो. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये ४५० नॅनोमीटरच्या निळ्या लेझरनं ५.४ मीटर पाण्यातून सेकंदाला ४.८ गिगाबिट माहिती पाठवून दाखवली. अंतर लहान आहे, मान्य. पण समुद्राच्या तळाशी बसवलेल्या उपकरणातली महिनाभराची नोंद एखाद्या रोबोटनं जवळ जाऊन काही सेकंदांत उचलून आणायची असेल, तर एवढं अंतर पुष्कळ झालं.

रंग निळा-हिरवाच का, तर पाणी बाकीचे रंग खातं. शुद्ध पाण्यात १० मीटर गेल्यावर ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम तीन टक्के उरतो. ४५० नॅनोमीटरचा निळा नव्वद टक्क्यांच्या वर शाबूत असतो.

हे झालं शुद्ध पाण्याचं. खऱ्या पाण्यात गाळ असतो, शेवाळ असतं, कुजलेली पानं असतात. इथले लोक कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातात. भरतीला ते मंदिर पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना खंभातच्या आखाताचं पाणी आठवत असेल: दूध जास्त पडलेल्या चहासारखं. या विषयाच्या अभ्यासात पाण्याचे ढोबळ वर्ग करतात आणि प्रत्येकाला मीटरमागे एक क्षीणनाचा, म्हणजे प्रकाश किती भराभर विरतो त्याचा, आकडा देतात. स्वच्छ महासागराला ०.१५, किनाऱ्यालगतच्या पाण्याला ०.४, बंदरातल्या गढूळ पाण्याला २.१७ च्या आसपास. ऐकायला फरक लहान वाटतो, पण हे आकडे घातांकात बसतात. स्वच्छ महासागरात २० मीटरवर सुमारे पाच टक्के प्रकाश उरतो. गढूळ बंदरात पाच मीटरवरच पन्नास हजारांतला एक भाग. आकडा चुकीचा छापलाय असं भाचीला वाटलं, तिनं मोबाइलवर पुन्हा हिशेब करून पाहिला.

पण गढूळपणाची बाब एका अर्थी सरळ आहे. तो प्रकाश कमी करतो, पण ठरावीक हिशेबानं कमी करतो. लेझर वाढवा, अंतर घटवा, प्रकाश टिपणारा संवेदनशील डिटेक्टर लावा; गणित कागदावर बसतं. खळबळीचं, म्हणजे ज्याला पुस्तकात टर्ब्युलन्स म्हणतात तिचं, तसं नाही. ती एकूण प्रकाश जवळजवळ कमी करतच नाही. दिवसभराचा सरासरी प्रकाश मोजलात तर सगळं ठीक दिसेल. फक्त या क्षणी आहे, पुढच्या क्षणी नाही, त्याच्या पुढच्या क्षणी दुप्पट.

महापालिकेच्या तरणतलावात सकाळी उन्हं आल्यावर तळाकडे पाहिलंय कधी? निळ्या फरशीवर उजेडाचं जाळं हलत असतं. जाळ्याच्या दोऱ्यांवर झगझगीत उजेड, मधल्या घरांत सावली. सूर्यानं तलावावर उजेड सारखाच टाकलाय, तळाशी पोचलेला एकूण उजेडही तेवढाच. पण तळावर एका जागी एक रुपयाचं नाणं ठेवून त्या नाण्यावर किती उजेड पडतो हे पाहत बसलात, तर तो सारखा वर-खाली होताना दिसेल. तरणतलावात हे काम पृष्ठभागावरच्या लाटा करतात. खोल पाण्यात लाटा नसल्या तरी तेच काम पाण्याच्या पोटातले भोवरे करतात.

भोवऱ्यात असं काय असतं? तापमान आणि मीठ. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाशाला किती वाकवतं त्याचा आकडा, साधारण १.३३. एक अंश तापमान वाढलं की तो सुमारे ०.०००१ नं उतरतो. किलोभर पाण्यात एक ग्रॅम मीठ वाढलं की सुमारे ०.०००२ नं चढतो. चौथ्या दशांश स्थळाची ही कटकट कुणी मोजावी, असं वाटेल. पण हवेत एका अंशाला अपवर्तनांक बदलतो तो याच्या शंभराव्या भागाएवढा, आणि तेवढ्यावर रात्री तारे लुकलुकतात. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर पाणी साचल्याचा भास होतो. शेगडीवर पापड भाजताना पलीकडची भिंत हलताना दिसते. म्हणजे तापमानात तेवढाच फरक असेल तर पाणी हवेपेक्षा शंभरपट जास्त वाकवतं. पाण्यात अंतरं मीटरांत असतात, किलोमीटरांत नसतात, एवढंच आपलं नशीब.

आता हे भोवरे कुठून येतात? वारा, भरती, प्रवाह, बोटीचा पंखा, काहीही पाण्याला ढवळतं तेव्हा आधी मोठे भोवरे तयार होतात. मोठ्यातून मधले निघतात, मधल्यातून लहान, आणि शेवटी इतके लहान की पाण्याचा चिकटपणा त्यांना थांबवतो. ही कल्पना ब्रिटिश हवामानतज्ज्ञ लुईस फ्राय रिचर्डसननं १९२० च्या दशकात मांडली, आणि रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्हनं १९४१ मध्ये तिला गणित दिलं: कोणत्या आकाराच्या भोवऱ्याकडे किती ऊर्जा असेल. समुद्रात हा शेवटचा लहान भोवरा मिलिमीटर ते सेंटिमीटर एवढा असतो.

इथे मला विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती सांगतो, जरा दमानं वाचा. भोवरा थांबला म्हणजे सगळं पुसलं गेलं असं नाही. त्यानं ढवळून ठेवलेल्या ऊन-गार पाण्याच्या रेघा अजून शिल्लक असतात, आणि मिठाच्या रेघा तर असतातच. उष्णता पाण्यात बऱ्यापैकी लवकर पसरते. मिलिमीटरभर जाडीची कोमट रेघ सात-आठ सेकंदांत गार पाण्यात विरून जाते. मीठ मात्र उष्णतेपेक्षा जवळजवळ शंभरपट सावकाश पसरतं. तेवढ्याच जाडीची खारट रेघ पाणी स्थिर असेल तर दहा मिनिटं टिकते. म्हणून समुद्रात मिठाची नक्षी तापमानाच्या नक्षीपेक्षा बारीक असते, आणि बारीक नक्षी प्रकाशाची लुकलुक वाढवते. २००० साली निकिशोव्ह आडनावाच्या दोघा संशोधकांनी या दोन्ही गोष्टी, तापमान आणि मीठ, एका सूत्रात बसवल्या. आज या विषयातल्या कितीतरी निबंधांचा पाया तेच सूत्र आहे. साखर मिठाहूनही आळशी. सरबताच्या ग्लासातल्या रेघा इतका वेळ दिसतात त्या त्यामुळे.

तापमान आणि मीठ एकमेकांना कधी खोडतात, कधी हातभार लावतात. ऊन पाणी अपवर्तनांक उतरवतं, मीठ चढवतं. वर ऊन आणि खारट, खाली गार आणि कमी खारट अशी रचना असेल तर दोघांचे परिणाम काही अंशी एकमेकांत जिरतात. पण नदीच्या मुखाशी उलटं असतं: वर नदीचं गोडं, उन्हानं तापलेलं पाणी, खाली समुद्राचं खारट, गार. दोन्हींनी अपवर्तनांक एकाच बाजूला ढकलला. निव्वळ गोड्या आणि पूर्ण खाऱ्या पाण्यातला फरकच ०.००६ च्या वर जातो, म्हणजे साठ-पासष्ट अंशांच्या तापमानफरकाएवढा. महीसागर जिथे आखाताला मिळते तिथे हे सगळं घडत असणार. फक्त तिथल्या गाळातून ते बघायला प्रकाशच पोचणार नाही.

"मग आपण बघायचं कुठे? विश्वामित्रीत?"

विश्वामित्रीत मगरी आहेत. मी माळ्यावरून फिशटँक काढला.

दोन फुटी टाकी. मासे गेले तेव्हापासून तिच्यात जुने चार्जर ठेवले होते. धुऊन पाणी भरलं आणि तास-दोन तास तशीच ठेवली, कारण नळाचं पाणी भरतानाच इतकं ढवळलेलं असतं की प्रयोग आधीच सुरू झालेला असतो. एका बाजूला पुस्तकांवर लेझर पॉइंटर, मंगळ बाजारातून आणलेला, लाल. टाकीच्या लांबीतून पलीकडे, तीन मीटरवरच्या भिंतीवर कॅलेंडर. लाल ठिपका एका तारखेच्या चौकोनात मधोमध बसवला. (लेझर डोळ्यात जाऊ देऊ नका, काचेवरून उलटून येणारी तिरीपसुद्धा नको. भाचीला मी टाकीच्या एकाच बाजूला उभं केलं.)

मग किटलीतलं गरम पाणी वरून हलक्या हातानं ओतलं. ठिपका आधी थरथरला, मग पसरून केळ्यासारखा लांबट झाला, त्यात एक काळी भेग पडली, भेग मिटली, आणि सगळाच ठिपका हळूहळू खालच्या चौकोनात उतरला. खाली का? कारण किरण जास्त अपवर्तनांकाकडे झुकतो, आणि गार पाणी खाली होतं. हे दोन वेगळे परिणाम आहेत आणि सेमिनारमध्ये ते वेगळे सांगायला हवेत. झोतापेक्षा मोठे भोवरे पूर्ण झोताला इकडेतिकडे ढकलतात. त्याला बीम वाँडर म्हणतात. झोतापेक्षा लहान भोवरे झोताच्या आत भेगा पाडतात. ती लुकलुक, सिंटिलेशन.

आता निरोपाची पाळी. लेझरच्या बॅटरीच्या वाटेत एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर बसवून त्याला मोबाइलमधला बातम्यांचा आवाज दिला. पलीकडे बागेतल्या सोलर दिव्याचं तळहाताएवढं पॅनेल, त्याच्या दोन तारा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला. लेझर पॅनेलवर पडला आणि बातम्या ऐकू आल्या. प्रकाशावर बसून बोलणं ही कल्पना जुनीच. ग्रॅहॅम बेलनं १८८० मध्ये हवेतून ते करून दाखवलं होतं. पण भाचीचे डोळे चमकले ते चमकलेच.

गरम पाणी ओतलं. बातम्या चालूच. काही फरक नाही.

"मामा, तुमची खळबळ फुसकी निघाली."

मी काळ्या कार्डाला सुईनं भोक पाडलं, दोनेक मिलिमीटरचं, आणि कार्ड पॅनेलवर चिकटवलं. आता पुन्हा गरम पाणी. निवेदिकेचा आवाज आला, गेला, पुन्हा मोठ्यानं आला, अर्ध्या शब्दात बुडाला. जुन्या रेडिओवर रात्री लांबचं स्टेशन लावल्यासारखा. कार्ड काढलं की आवाज पुन्हा सरळ.

या एका कार्डात निम्मा सेमिनार आहे. पॅनेल मोठं असताना ठिपका नाचो, फाटो, वाकडा होवो, सगळा पॅनेलवरच पडत होता, बेरीज तीच. भोक लहान असताना ठिपक्याचा कुठला तुकडा भोकावर येतो यावर सगळं अवलंबून. आकाशातही हेच होतं. तारा इतका लांब की तो बिंदूसारखा, म्हणून लुकलुकतो. शुक्र आणि गुरू छोट्या चकत्या आहेत. चकतीच्या एका टोकाचा उजेड कमी झाला की दुसऱ्या टोकाचा वाढलेला असतो, म्हणून ग्रह स्थिर दिसतात. फरक एवढाच की तिथे उगम मोठा, इथे ग्राहक, म्हणजे प्रकाश झेलणारं पॅनेल, मोठा. ग्राहकाचं तोंड मोठं करून लुकलुक सरासरीत जिरवायच्या या उपायाला अ‍ॅपर्चर अ‍ॅव्हरेजिंग म्हणतात.

"मग मोठं पॅनेल लावायचं की, विषय संपला," ती म्हणाली.

इतकं सोपं असतं तर तिला दुसरा विषय शोधावा लागला असता. मोठा डिटेक्टर आळशी असतो; त्याची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून धरायची सवय, जास्त, त्यामुळे गिगाबिटच्या वेगाची उघडझाप त्याला झेपत नाही. बातम्यांना चालतं, कारण आवाज म्हणजे काही हजार हर्ट्झ. वेगवान डिटेक्टर मोहरीएवढा किंवा त्याहून लहान असतो. म्हणून पुढे मोठं भिंग लावून प्रकाश त्या मोहरीवर गोळा करतात. पण मग झोत जरा तिरका आला की भिंगामागचा ठिपका मोहरीवरून घसरतो. एक दुखणं बरं केलं की दुसरं सुरू.

लुकलुक किती, हे मोजायला एक आकडा वापरतात, सिंटिलेशन इंडेक्स. प्रकाशाच्या तीव्रतेचे अनेक नमुने घ्या, प्रत्येकाचा वर्ग करून सरासरी काढा, तिला साध्या सरासरीच्या वर्गानं भागा, एक वजा करा. प्रकाश अगदी स्थिर असेल तर उत्तर शून्य. एकाच्या बरंच खाली असेल तर खळबळ सौम्य; एकाच्या आसपास किंवा वर गेलं की गंभीर.

सौम्य खळबळीत चढ-उतार लॉग-नॉर्मल नावाच्या नियमानं वागतात. का, ते कळायला एवढं पुरे: प्रत्येक भोवरा प्रकाशाला कशानं तरी गुणतो. एकानं ०.९ नं गुणलं, पुढच्यानं १.१ नं. तुम्हाला वाटेल फिट्टंफाट, पण गुणाकार ०.९९ होतो. असे गुणाकार होत गेले की वितरण एका बाजूला कलतं: बहुतेक वेळ सरासरीपेक्षा थोडा कमी उजेड, आणि मधूनच मोठा झगझगाट. सरासरी फसवते ती इथे.

बुडबुडे आले की तेही गणित मोडतं. बुडबुड्याच्या आत हवा, अपवर्तनांक जवळपास एक. प्रकाश त्यात शिरण्यापेक्षा बाजूलाच फेकला जातो. नवरात्रात गरब्याच्या मैदानात पलीकडच्या मैत्रिणीला हात करायचा असला तर ती एक तर दिसते किंवा मध्ये कुणी तरी आलेलं असतं. अंधुक दिसणं हा प्रकार नाही. बुडबुड्यांच्या पाण्यात प्रकाशाचंही तसंच होतं, मधली अवस्था कमी. म्हणून किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये दोन वितरणं मिसळून एक मॉडेल सुचवलं, ज्यात बुडबुडे आणि तापमानाचा उतार दोन्ही सामावतात. बुडबुड्यांवर साधा उपाय झोत रुंद करण्याचा. बुडबुडा मग झोताचा एक कोपराच झाकतो. पण झोताचा व्यास दुप्पट केला की प्रत्येक जागी पडणारा उजेड चौथा हिस्सा होतो, हे विसरायचं नाही.

आता बिटांवर काय येतं ते पाहू. सगळ्यात साध्या पद्धतीत उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य, आणि मध्ये एक रेघ आखलेली: रेघेच्या वर ते एक, खाली ते शून्य. भोवऱ्यानं उजेड निम्म्यावर आणला की एक रेघेखाली जातो आणि शून्य म्हणून वाचला जातो. रेघ खाली आणावी तर डिटेक्टरमधला नॉइज, म्हणजे त्याची स्वतःची खरखर, एक म्हणून वाचला जातो. म्हणून काही पद्धतींत रेघच ठेवत नाहीत. वेळेचे चार किंवा आठ खण करतात आणि त्यातल्या एकाच खणात उजेड पाठवतात. ग्राहकानं फक्त सगळ्यात उजळ खण कोणता ते पाहायचं. सगळंच अंधुक झालं तरी उजळ खण उजळच राहतो. पल्स पोझिशन मॉड्युलेशन ते हेच. वेग जातो, पण रेघेची कटकट सुटते.

आणि इथे वेळेचा एक विचित्र मेळ आहे. पाण्याची खळबळ प्रकाशाच्या मानानं फारच संथ. उजेडाची एक बुडी मिलिसेकंदभर टिकली असं धरू. सेकंदाला एक गिगाबिट वेगानं त्या एका मिलिसेकंदात १० लाख बिट जातात. म्हणजे चुका इथे एक, तिथे एक अशा विखरून येत नाहीत. लाखाच्या लाख बिट एका जागी बुडतात. चुका दुरुस्त करणारे कोड विखुरलेल्या चुकांवर चांगले चालतात, एकगठ्ठा चुकांपुढे हात टेकतात. उपाय असा की पाठवतानाच बिटांचा क्रम पिसायचा, पत्ते पिसतात तसा, आणि पलीकडे पुन्हा लावायचा. मग बुडालेला गठ्ठा लावून झाल्यावर ठिकठिकाणी पांगलेला दिसतो आणि कोड त्याला सांभाळतो. किंमत म्हणजे थोडा उशीर, आणि पुष्कळ मेमरी.

एका ऐवजी चार लेझर, चार ग्राहक, मध्ये थोडं अंतर, हा दुसरा मार्ग; चौघांचंही एकाच वेळी बिनसण्याची शक्यता कमी. मला स्वतःला मिश्र व्यवस्था जास्त पटते: आवाजानं एकमेकांना शोधायचं, "मी इथे आहे, जवळ ये" एवढं बोलायचं, आणि जवळ आल्यावर प्रकाशानं पोतं रिकामं करायचं.

एक सावधगिरी भाचीला सांगितली ती इथेही लिहितो. प्रयोगशाळेतल्या टाकीत हीटर लावून, पंप लावून जी खळबळ करतात ती बऱ्याचदा समुद्रापेक्षा तिखट असते. खोल समुद्रात वीतभर अंतरात तापमान बदलतं ते सहसा अंशाच्या अगदी बारीक भागानं. दहा-वीस मीटरच्या अंतराला तिथे खरी अडचण बहुतेक वेळा शोषणाची, विकिरणाची आणि नेम धरण्याची. खळबळ डोकं वर काढते ती ठरावीक जागी: जिथे ऊन थर संपून गार थर सुरू होतो, नदीमुखाशी, बोटीच्या मागे, वीजकेंद्राचं गरम पाणी सोडतात तिथे, समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी. आणि पाणी जितकं नितळ तितकं अंतर लांब गाठता येतं, आणि अंतर जितकं लांब तितके भोवरे जास्त. गढूळ पाण्यात निरोप इतक्या लवकर संपतो की खळबळीला तो बिघडवायची संधीच मिळत नाही. तिच्या मूळ प्रश्नाचं राहिलेलं निम्मं उत्तर हे.

संध्याकाळी तिनं हट्टानं आणखी एक प्रयोग केला. पाव किलो साखरेचा दाट पाक करून, गार करून, नळीनं टाकीच्या तळाशी सोडला. मग पुस्तकं काढून लेझर खाली आणला, पाक आणि पाणी यांच्या सीमेवर. झोत टाकीत सरळ दिसायच्या ऐवजी कमानीसारखा खाली वळला आणि भिंतीवरचा ठिपका कॅलेंडरच्या बाहेर, पार स्विचबोर्डाच्या खाली गेला. आम्ही मीठ सावकाश पसरतं म्हणून दुपारभर बोललो होतो, तेव्हा टाकी रात्रभर तशीच ठेवायचं ठरलं. मामीनं विरोध नोंदवला.

सकाळी लेझर लावला. ठिपका स्विचबोर्डाच्या खालीच होता, कालच्यापेक्षा बोटभर वर. टाकीच्या काठावरून मुंग्यांची रांग पाण्यापर्यंत उतरली होती.